मस्कत दाखवण्याची माझी पद्धत

५ नोव्हेंबर, रविवार

निर्णय झाला. मी पर्यटकांचा वाटाड्या होणार. सरकारी परवान्यासकट.

एकतीस वर्षं मी या बंदरात टगबोटीचं सुकाणू धरलं. बारा-बारा मजली जहाजं कान धरून आणल्यासारखी धक्क्याला आणून उभी केली. म्हणजे मस्कतला आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं पहिलं स्वागत मी केलेलं आहे. आता त्याला पुढे चार पावलं गावात फिरवायचं, एवढंच राहिलंय.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. वही माझी आहे. आज पहाटे सवयीने बंदराच्या फाटकाशी गेलो. निवृत्त होऊन चौदा महिने झाले तरी पाय तिकडेच वळतात. फाटकावर नवा माणूस. मला अडवलं. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "काका, नाव नको, कार्ड दाखवा." मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या मागे जो धक्का आहे ना, त्याचा कोपरा माझ्या बोटीने घासलेला आहे. तो म्हणाला, "असेल, पण कार्ड?" तेवढ्यात कालपरवाची दोन पोरं छत्र्या घेऊन आली, गळ्यातली कार्डं हलवली आणि आत गेली. वाटाडे. त्यांना पाहुणे आणायला थेट जहाजाच्या शिडीपर्यंत जाता येतं.

तर कार्ड पाहिजे.

झुवैनाला निर्णय सांगितला. ती तव्यावर रोटी पसरत होती. मान वर न करता म्हणाली, "अबू मुनीर, तुम्हाला कोपऱ्यावर दही आणायला पाठवलं तर जेवणं उरकल्यावर उगवता. तुम्ही लोकांना शहर दाखवणार?" (मुनीर आमचा मुलगा. सलालात असतो. त्याचा बाप म्हणून सगळं गाव मला याच नावाने हाक मारतं.)

दह्याचा आणि शहराचा काही संबंध नाही.

७ नोव्हेंबर, मंगळवार

पुतणी अझ्झा येऊन गेली. तीन वर्षं वाटाडी आहे. हुशार पोर, पण शिकून झालेली. मला कोणी शिकवलेलं नाही, म्हणून माझं ज्ञान जास्त टिकाऊ.

तिने नियम सांगितले. नऊ स्थळं. बंदराला लागून असलेल्या आमच्या मत्रहमधली चार पायी: मासळीबाजार, समुद्राकाठचा रस्ता, सूक म्हणजे जुना बाजार, आणि किल्ला. मग बसने रियामची धूपदाणी, जुन्या मस्कतचा दरवाजा, राजवाडा, मिरानी आणि जलाली हे दोन किल्ले. सकाळी नऊला सुरुवात, दुपारी साडेबाराला सगळे परत जहाजावर. परीक्षा म्हणजे खरेखुरे पाहुणे फिरवायचे आणि मागून परीक्षक चालणार. माझी तारीख २७ डिसेंबर.

मी म्हटलं, साडेतीन तास कशाला, दोन पुरतील. अझ्झाने झुवैनाकडे पाहिलं. झुवैनाने छताकडे पाहिलं.

संध्याकाळी सूकमध्ये हलवाई सुवैदला सांगितलं की परवाना झाल्यातच जमा आहे. तो म्हणाला, "मुबारक! मग आता पाहुणे माझ्याकडे आण." आणतो म्हटलं. मासळीबाजारातही सांगितलं. मशिदीबाहेर चौघांना सांगितलं. पाचवा स्वतःच ऐकायला आला.

१२ नोव्हेंबर, रविवार

अभ्यास सुरू. अझ्झाचं जाड पुस्तक आणलंय. पुस्तकात चुका पुष्कळ. पोर्तुगीजांना किल्ल्यातून कसं हाकललं, ते माझे वडील अगदी वेगळं सांगत. अझ्झाला फोन केला. ती म्हणाली, "काका, ते सांगतात लोक, पण पुरावा नाही." मी म्हटलं, पुरावा नाही म्हणजे काय, मी सांगतोय ना.

एकोणीस पानं वाचली. दोन लक्षात आहेत.

एक गोष्ट नोंदवायची राहिली. मत्रहच्या किल्ल्यावर मी अजून चढलेलो नाही. सहासष्ट वर्षं त्याच्या पायथ्याशी राहतो. लहानपणी आई म्हणायची पडशील, मग नोकरी लागली. उद्या सकाळी चढायचं.

१३ नोव्हेंबर

ऊन फार.

१५ नोव्हेंबर

गुडघा.

१९ नोव्हेंबर, रविवार

आज चढलो. अकरा पायऱ्या. बाराव्या पायरीवर मासळीबाजारातल्या रबीअचा मेव्हणा वरून उतरताना भेटला. त्याच्या बायकोची शस्त्रक्रिया झालेली, विचारपूस न करता वर जाणं शोभलं नसतं. बोलता बोलता खालीच आलो.

खाली आल्यावर वर पाहिलं आणि लक्षात आलं: किल्ला ही खालून पाहायची वस्तू आहे. बांधणाऱ्यांनी तो खालच्यांना धाक बसावा म्हणून बांधला. वर जाऊन काय दिसणार? मी राहतो ती गल्ली. ती मला पाठ आहे.

किल्ल्याचा अभ्यास पूर्ण.

२६ नोव्हेंबर, रविवार

घड्याळ लावून रंगीत तालीम. बंदराच्या फाटकापासून सूकच्या तोंडापर्यंत. अझ्झाच्या मते वीस मिनिटं.

मला दोन तास चाळीस मिनिटं लागली.

कारणं शोधली. वाटेत चौदा माणसं भेटली. एकालाही मी कारण नसताना थांबवलेलं नाही. पण रीत ती रीत. समोर माणूस आला की सलाम, मग तब्येत, मग घरच्यांची तब्येत, मग तो विचारणार, "बातमी काय?" आपण म्हणायचं, "काही नाही, देवाची कृपा." तो म्हणणार, "काहीच नाही?" आपण म्हणायचं, "काहीच नाही, सगळं बरं." मग आपण त्याला विचारायचं. त्याचंही काही नाही. हे सगळं नीट झालं की मगच खरी बातमी निघते: छत गळतंय, जावई रुसलाय, बोटीचं इंजिन बसलंय. ती अर्धवट टाकून पुढे जाणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मलेला नाही. आणि दुकानदार असेल तर कॉफी. कॉफीचा एक कप म्हणजे अपमान, दोन म्हणजे घाई, म्हणून तीन.

झुवैना म्हणाली, "एवढ्या वेळात पोर्तुगीजांनी आणखी एक किल्ला बांधला असता."

माझा निष्कर्ष: आज मी एकटा होतो म्हणून लोक बोलले. बरोबर पाहुणे असले की आपोआप समजून घेतील आणि वाट देतील.

३० नोव्हेंबर, गुरुवार

अझ्झाचा सल्ला: "काका, छत्री वर, मान खाली, सरळ चालायचं. कोणी हाक मारली तर छातीवर हात ठेवायचा आणि पाय थांबवायचे नाहीत." मी म्हटलं, सुवैदच्या दुकानावरून मी त्याच्या आईची तब्येत न विचारता जाऊ? ती म्हणाली, "त्याची आई तुम्ही काल विचारलीत." मी म्हटलं, काल विचारली म्हणून आज ती कशी आहे हे मला कसं कळणार? तिने स्वतःची छत्री मिटून माझ्या हातात दिली.

तरी नवीन पद्धती आजमावून पाहायला माझी ना नसते. सोमवारी करून बघतो.

४ डिसेंबर, सोमवार

केलं. छत्री वर, मान खाली. सुवैदने हाक मारली, "अबू मुनीर!" मी छातीवर हात ठेवला आणि तसाच पुढे गेलो. कापडवाल्याच्या समोरूनही तसाच. मासळीबाजारातही. घरी सतरा मिनिटांत पोहोचलो. विक्रम. स्वतःला एक खजूर दिला.

दुपारी असरच्या नमाजानंतर दारावर थाप. सुवैद, कापडवाला आणि रबीअ, तिघे. सुवैदने दुकान बंद करून टाकलेलं. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "देव तुला बळ देवो. कधी झालं?" मी विचारलं, काय कधी झालं? तो म्हणाला, "लपवू नकोस. तू न बोलता गेलास तेव्हाच आम्ही ओळखलं की घरात मोठं काहीतरी झालंय." रबीअ डोळे पुसत होता. एवढ्यात झुवैना पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिघेही दचकून मागे सरले. ज्या कारणासाठी रडत आले होते, तेच कारण पाणी घेऊन उभं.

आधी झुवैनाच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "मी आहे अजून. यांना परीक्षा आहे."

त्यानंतर शेजारणींनी पाठवलेला भात आला. दोन पराती. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. परत पाठवणं बरं दिसेना, म्हणून सगळ्यांनी बसून खाल्ला. सुवैद जाताना म्हणाला, "पुन्हा असं चाललास तर तुलाच पोहोचवायला येईन."

नवीन पद्धत बाद. दोष पद्धतीचा.

१२ डिसेंबर, मंगळवार

इंग्रजीची उजळणी. माझं इंग्रजी बंदराच्या वायरलेसवर घडलेलं, त्यामुळे त्यात फालतू शब्द नाहीत. पुढे चला: "स्लो अहेड". थांबा: "स्टॉप इंजिन". डावीकडे: "हार्ड टू पोर्ट". झुवैनावर सराव केला. "हार्ड टू पोर्ट" म्हटल्यावर ती उजवीकडे वळली आणि स्वयंपाकघरात गेली. शिकणाऱ्याची चूक.

२० डिसेंबर, बुधवार

राहिलेली कामं: पुस्तकाची दोनशे बारा पानं. राजवाडा आतून बंद असतो, तेव्हा त्याचा अभ्यास बाहेरूनच. तो बसमधून एकदा झालाय. धूपदाणी माहीत आहे, डोंगरावर आहे, मोठी आहे. जुन्या मस्कतच्या दरवाज्याबद्दल मला कोणी काय सांगणार? मी तेरा वर्षांचा होईपर्यंत तो अंधार पडल्यावर तोफ वाजवून बंद करत आणि त्यानंतर आत फिरायचं तर हातात कंदील हवा. कंदील नसेल तर कोठडी. आमचे वडील एकदा दिवा विझला म्हणून रात्रभर बसून आले. अझ्झाच्या पुस्तकात हा नियम आहे. माझे वडील नाहीत.

तयारी पक्की.

२६ डिसेंबर, मंगळवार

उद्या. पांढरा पायघोळ दिशदाशा इस्त्री करून ठेवला. नक्षीची टोपी नवी. छत्री नाही घेणार. कमरेला वडिलांचा खंजर बांधणार. झुवैना म्हणाली, "पाहुण्यांना घाबरवून पळवलंत तर वेळेत पोहोचतील."

नंतर दिवा मालवताना म्हणाली, "कार्ड मिळालं तर रोज पहाटे जाणार ना तिकडे?" मी म्हटलं, रोज कशाला, जहाज असेल तेव्हा. ती म्हणाली, "मिळू दे." एवढंच. तिच्या मनात परीक्षेबद्दल धाकधूक दिसते. माझ्या नाही.

२७ डिसेंबर, बुधवार. सकाळी ६

झोप उत्तम. चार वेळा उठलो, पण प्रत्येक वेळी उत्तम उठलो.

त्याच दिवशी, दुपारी ४

सविस्तर लिहितो. दिवस फार चांगला गेला.

परीक्षक मैमूनाबाई. पन्नाशीच्या, हातात कागद अडकवलेली पाटी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. पाहुणे चौदा, डेन्मार्कचे, सगळे माझ्या वयाच्या आसपासचे आणि ऊन पाहून लहान मुलांसारखे खूश. फाटकाबाहेर मला सोपवले.

मासळीबाजार नीट दाखवला. रबीअने सुरमई उचलून धरली, पाहुण्यांनी फोटो काढले. रबीअ मला म्हणाला, "बातमी काय?" मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, "काहीच नाही?" मैमूनाबाईंनी काहीतरी लिहिलं. पण पाहुण्यांना ते फार आवडलं. इंगे नावाच्या उंच बाई होत्या, त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला. मग त्यांनी रबीअला स्वतः विचारलं, "बातमी काय?" रबीअने त्यांना इंजिन बसल्याचं सगळं सांगितलं. अरबीत. त्या मान हलवत होत्या. पंचवीस मिनिटं.

समुद्राकाठच्या रस्त्याला लागलो. इथे अडचण आली, ती मी आधी का पाहिली नाही, कळत नाही. सूककडे जाताना आमची गल्ली लागते. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की आमचं दार दिसतं, निळं. उघडंच होतं.

आता चौदा माणसं. सात समुद्र ओलांडून आलेली. उन्हात लाल झालेली. आणि मी त्यांना स्वतःच्या दारावरून, आत या न म्हणता, पुढे नेऊ? गल्लीतले सगळे पाहत असताना? माझे वडील कबरीत कुशीवर वळले असते. मैमूनाबाई म्हणाल्या, "हे यादीत नाही." मी म्हटलं, बाई, फक्त पाण्यापुरतं. पाच मिनिटं.

झुवैनाने आम्हाला पाहिलं. मला तिने डोळ्यांनीच जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. पाहुण्यांना मात्र म्हणाली, "उन्हात उभं ठेवलंय होय यांनी तुम्हाला! आत या, आत या." खजुराच्या खोडांसारखे लांब पाय दुमडून सगळे गालिच्यावर बसले. खजूर आले, हलवा आला, कॉफी आली.

कॉफीचं मी सांगायला विसरलो. पुरे झालं की रिकामा कप हलवायचा असतो. हलवला नाही तर ओतणारा ओतत राहतो. हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर कळतं, त्यामुळे सांगायचं असतं हे सुचलंच नाही. पाहुणे बिचारे सभ्य. समोर आलं ते पीत राहिले. झुवैना सभ्य. कप रिकामा दिसला की ओतत राहिली. दोन्ही बाजूंनी कोणी हटेना. इंगेबाईंनी अकरा कप घेतले. एका गृहस्थांचा हात थरथरायला लागला, तेव्हा कप आपोआप हलला आणि ते सुटले. ते पाहून मग बाकीच्यांना उमगलं.

मैमूनाबाईंनी त्यांचा कप तिसऱ्यालाच व्यवस्थित हलवला होता. घड्याळ पाहत होत्या. पण घरमालकीण बसलेली असताना आणि पाहुण्यांच्या आधी त्या उठणार कशा? त्याही मस्कतच्याच. दोनदा म्हणाल्या, "आता निघू या." दोन्ही वेळा झुवैना म्हणाली, "निघाल ना, बसा." दोन्ही वेळा बसल्या.

एवढ्यात रबीअने मघाचीच सुरमई पाठवून दिली. पाहुण्यांनी कौतुक केलं होतं ना. आता मासा घरात आलेला असताना पाहुण्यांना उपाशी पाठवायचं म्हणजे...

भात शिजेपर्यंत मी वेळ वाया घालवला नाही. सगळ्यांना गच्चीवर नेलं आणि इतिहास सांगितला. गच्चीवरून सगळं दिसतं. हा किल्ला. ती धूपदाणी. हा समुद्राकाठचा रस्ता, हे बंदर, हा धक्का, हा कोपरा माझ्या बोटीने घासलेला. दरवाजा, राजवाडा, मिरानी आणि जलाली त्या डोंगराच्या पलीकडे. तो डोंगर दाखवला. वडिलांचा कंदील सांगितला. वायरलेसच्या इंग्रजीत कंदील विझणं अवघड गेलं, पण मी करून दाखवलं. इंगेबाईंनी विचारलं, "मग आई काय म्हणाली?" सहासष्ट वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आई दारात बसून होती. सकाळी ते आले तेव्हा तिने फक्त कंदील घेतला आणि तेल भरलं.

मैमूनाबाई लिहायच्या थांबल्या होत्या. मी ओळखलं, पूर्ण गुण.

जेवताना जहाजाचा भोंगा वाजला. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी एकतीस वर्षांच्या अनुभवावरून सांगितलं की पहिल्या भोंग्यानंतर अजून तासभर कोणी हलत नाही, सावकाश जेवा. मैमूनाबाई म्हणाल्या, "अबू मुनीर, तो दुसरा आहे. पहिला तुम्ही तोफेचा आवाज काढत होतात तेव्हा वाजला."

मग जरा धावपळ झाली. गल्लीतले सगळे बाहेर आले. दोन पाहुण्यांना कापडवाल्याच्या गाडीत, तिघांना मासळीच्या टेम्पोत, बाकीचे पायी. "फुल अहेड, फुल अहेड" म्हणत मी पुढे. रस्त्यावर गर्दी, म्हणून सूकमधून वळसा घेतला, तर सुवैद दुकानाच्या पायरीवर कॉफी घेऊन उभा. मी छातीवर हात ठेवून पळालो. या खेपेला त्याला वाटलं परीक्षाच चालू आहे, म्हणून त्याने बाजूला होऊन वाट दिली.

चार मिनिटं राखून पोहोचलो. फाटकावर तोच माणूस. पाहुण्यांची कार्डं पाहिली, मैमूनाबाईंचं पाहिलं, सगळे आत गेले. मी बाहेरच थांबलो. मुद्दामच. निरोप समारंभात आपण मध्ये मध्ये करू नये. इंगेबाईंनी शिडीवरून हात हलवला. तिथून मी दिसत होतो की नाही, माहीत नाही. मी मात्र हलवला.

माझी जुनी टगबोट जहाजाला बाहेर काढत होती. नव्या माणसाने दोर जरा घट्ट धरला होता.

३ जानेवारी, बुधवार

कचेरीतून पत्र. बरोबर पाहुण्यांनी भरलेले कागदही जोडलेत. "सर्वांत आवडलेलं स्थळ?" तेरा जणांनी लिहिलंय: वाटाड्याचं घर. एकाने लिहिलंय: झुवैना.

मैमूनाबाईंचा शेरा: "दाखवलेली स्थळं: नऊपैकी एक. बोटाने दाखवलेली: तीन. डोंगराच्या पलीकडे असल्याचं सांगितलेली: चार. सूक: पळताना. आदरातिथ्य: शब्द नाहीत."

शेवटी लिहिलंय, "परवाना देता येत नाही." सरकारी भाषा असल्यामुळे अर्थ लावावा लागतो. अझ्झाला दाखवलं. ती म्हणाली, "काका, अर्थ तोच आहे."

झुवैनाने पत्र घेतलं, घडी केली आणि मीठ ठेवते त्या डब्याखाली ठेवून दिलं. मग कॉफी ओतली. मी कप हलवला. तिने तरी ओतली.

४ जानेवारी

फाटकाकडे गेलो नाही. पाय दुखत होते.

५ जानेवारी

पाय.

८ जानेवारी, सोमवार

मोठी बातमी. अझ्झा धावत आली. त्या डॅनिश लोकांनी घरी जाऊन इंटरनेटवर लिहिलंय, आणि आता दुसऱ्या जहाजांचे पाहुणे तिला विचारतात की "बातमी विचारणारे आजोबा" कुठे आहेत. तिची सूचना अशी: मी गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसावं. ती गट घेऊन येईल. सुवैद दुकानातून येऊन मला भेटेल, आम्ही रीतसर एकमेकांची बातमी विचारू, पाहुणे पाहतील, पुढे जातील. सहा मिनिटं. "आणि काका, घरात कोणालाही न्यायचं नाही. काकूने बजावलंय."

मी विचार करून होकार दिला. वाटाड्या होऊन काय, तो दारोदार फिरतो. इथे लोक आपणहून माझ्याकडे येणार. अझ्झाच्या मनात मला एक प्रकारचं सल्लागार नेमायचं आहे, शब्द तिला सापडत नव्हता. मी सुचवला. ती म्हणाली, "तसंच काहीतरी."

झुवैनाने खुर्चीवर गादी शिवून दिली. म्हणाली, "आयुष्यभर फुकट करत आलात ते आता वेळ लावून करा."

१० जानेवारी, बुधवार

पहिला दिवस. वीस पाहुणे. सुवैद नवा दिशदाशा घालून आला, अत्तरही लावलेलं. सलाम झाला, तब्येत झाली. तो म्हणाला, "बातमी काय?" मी म्हटलं, काही नाही, देवाची कृपा. तो म्हणाला, "काहीच नाही?" आणि का कोण जाणे, मी म्हटलं, "कार्ड मिळालं नाही रे."

हे रीतीत बसत नाही. इतक्या लवकर खरं सांगायचं नसतं. सुवैदने माझा हात सोडलाच नाही. बराच वेळ धरून उभा. पाहुणे फोटो काढत होते. अझ्झाने घड्याळ पाहिलं आणि वर धरलेली छत्री खाली घेतली.

नऊ मिनिटं झाली. उद्यापासून सहात बसवायचं.

१४ जानेवारी, रविवार

अझ्झाने छापलेली यादी आणून दिली. आता दहा स्थळं. पहिलं मासळीबाजार, दुसरं समुद्राकाठचा रस्ता, तिसरं अबू मुनीर, चौथं सूक. माझ्यापुढे कंसात: बसायला सावली. मी किल्ल्याच्या आधी आहे. सुवैदला दाखवलं. तो म्हणाला, "माझं नाव कुठाय?" मी म्हटलं, तू त्यात आलास. तो फणकाऱ्याने दुकानात निघून गेला. संध्याकाळी बातमी विचारायला आला.

१७ जानेवारी, बुधवार

जहाज दीड तास उशिरा लागलं. मी आठपासून बसलेलो. सुवैद दोनदा येऊन गेला. अकराला अझ्झाचा फोन: "काका, आज वेळ नाही, थेट बसनेच जातोय. आज तुम्ही राहिलात." मागून बसचा आवाज येत होता.

मी विचारलं, आणखी काय काय राहिलं? म्हणाली, सूक राहिलं, आणि राजवाड्याला उतरणार नाही, बसमधूनच दाखवणार.

म्हणजे राजवाड्याला आणि मला आज एकच नियम लागला. फरक इतकाच की राजवाडा बसमधून दिसतो. उद्या खुर्ची चार पावलं रस्त्याकडे सरकवतो.